द्राक्षबागांची सहल गावापर्यंत न्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२७चा सिंहस्थ तोंडावर आला आहे आणि आपल्या दैनिकात रोज घाट, रस्ते, वाहनतळ, साधुग्राम यांच्या बातम्या येत आहेत. त्या वाचताना एक गोष्ट सारखी मनात येते. ती जिल्हा प्रशासन, पर्यटन विकास महामंडळ आणि आमचे द्राक्ष बागायतदार यांच्या कानावर घालावी म्हणून हे पत्र. नाशिकहून सकाळी निघून संध्याकाळी परत आणणारी, सोबत माहीतगार गाईड असलेली, तिकीट काढून कुणालाही बसता येईल अशी द्राक्षबागांची एक दिवसाची बससहल सुरू व्हावी. आणि त्या सहलीचा निम्मा दिवस बागेबाहेर, जवळच्या एखाद्या गावात जावा. माझ्या डोळ्यांसमोर येवला आहे. पत्र लांबलं आहे, पण शक्य तर तुकडे न करता छापावं ही विनंती.

मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. माहेर निफाड तालुक्यातलं. वडिलांनी लावलेली बाग आता भाऊ आणि भाचे पाहतात. लेक-जावई मेक्सिकोत केरेतारो शहरात राहतात. वाहनांचे सुटे भाग बनवणारे कारखाने तिथे पुष्कळ, जावई त्यातल्याच एका कारखान्यात आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यांच्याकडे गेले तेव्हा लेकीने तिथल्या द्राक्षबागांच्या सहलीची तिकिटं काढली. मी वाईन घेत नाही, मांसमच्छीही खात नाही, त्यामुळे आपल्याला तिथे काय करायचं आहे असं आधी वाटलं होतं. निघण्याआधी सवयीने नकाशा पाहिला आणि उत्सुकता वाढली. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर, आणि केरेतारो त्याच्या जेमतेम अर्ध्या-पाऊण अंश वर. वाईनच्या द्राक्षांचा पट्टा ३० ते ५० अंश असा आम्ही वाचत आलो. ही दोन्ही गावं त्या पट्ट्याच्या बाहेर, पृथ्वीच्या दोन बाजूंना, पण एकाच आडव्या रेषेजवळ.

मग फरक कशात? उंचीत. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, केरेतारोच्या बागा २,००० मीटरच्या आसपास. तिथे हिवाळ्यात इतकी थंडी पडते की वेल आपोआप झोपी जाते, वसंतात फुटते आणि जुलै-ऑगस्टमध्ये द्राक्ष तोडणीला येतं. आपल्याकडे वेलीला झोपवणारी थंडीच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी (नवी काडी तयार होण्यासाठी), ऑक्टोबरमध्ये गोडे बहार छाटणी (घड येण्यासाठी), आणि माल जानेवारी ते मार्चमध्ये, कोरड्या हवेत. मी तिथे पोहोचले तेव्हा इकडे श्रावण होता. भावाच्या बागेत नुसती पानं आणि पक्व होत आलेली काडी, आणि तिथे पावसाच्या सरींमध्ये तोडणी चाललेली. वर्गात ही गोष्ट मी फळ्यावर आकृत्या काढून शिकवली असती. तिथे ती वेलीला हात लावून कळली. सहलीचं मोल मला तिथपासूनच पटायला लागलं.

गाडी छोटी होती, पंधरा-वीस माणसांची. शहराच्या जुन्या भागातून निघाली. हा भाग १९९६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. अठराव्या शतकात बांधलेल्या ७४ कमानींच्या पाणपुलाजवळून गाडी गेली, तेव्हा गाईडने आधी पाण्याचीच गोष्ट काढली : हे शहर कोरड्या मुलखाच्या तोंडाशी आहे, पाणी बाहेरून आणल्याशिवाय इथे काही उभं राहिलं नसतं, आजही भूजलाचा उपसा ही इथली मोठी चिंता आहे, आणि आपण ज्या बागा बघणार आहोत त्याही याच पाण्यावर आहेत. सहलीच्या पहिल्या अर्ध्या तासात गाईड आपल्याच प्रदेशाची अडचण मोकळेपणी सांगते, याचं मला फार कौतुक वाटलं. ती पंचविशीतली मुलगी, गळ्यात पर्यटन खात्याचं ओळखपत्र, बोलणं स्पष्ट. लेक मला तिचं बोलणं मराठीत सांगत होती. गाडीत मेक्सिको सिटीहून आलेली दोन कुटुंबं, एक आजोबा आणि त्यांची नातवंडं, एक नवविवाहित जोडपं. म्हणजे सहल कुटुंबांची होती, पिणाऱ्यांच्या टोळक्यांची नव्हती.

वाटेत तिने इतिहास सांगितला. स्पॅनिश लोकांनी १५२४ मध्येच मेक्सिकोत द्राक्षवेली लावण्याचे हुकूम काढले. पुढे तिथली वाईन स्पेनमधून येणाऱ्या वाईनशी स्पर्धा करू लागली, तेव्हा १५९५ मध्ये स्पेनच्या राजाने नवी लागवड बंद करायला सांगितली. तरीही उत्तरेकडच्या पार्रास गावात १५९७ मध्ये सुरू झालेली वायनरी आजवर चालू आहे, आणि अमेरिका खंडांतली ती सर्वांत जुनी मानतात. शेजारच्या ग्वानाह्वातो राज्यात दोलोरेस नावाचं गाव आहे. तिथले पाद्री मिगेल इदाल्गो यांनी गावकऱ्यांना द्राक्षं लावायला शिकवलं, आणि सरकारी माणसांनी त्या वेली उपटून टाकल्या. याच इदाल्गोंनी १६ सप्टेंबर १८१० रोजी पहाटे चर्चची घंटा वाजवून स्वातंत्र्याच्या लढ्याची हाक दिली. त्या लढ्याचा कट शिजला तो केरेतारोत. गाडीतली लहान मुलं मान वर करून ऐकत होती. द्राक्षाची वेल आणि स्वातंत्र्यलढा त्यांच्या डोक्यात आता कायमचे एकत्र राहतील.

पहिला मुक्काम एसेकिएल मोंतेस गावाजवळच्या फ्रेशेनेट या मोठ्या बागेत. ही मूळची स्पेनच्या कातालोनियातली कंपनी, १९७०च्या दशकाअखेर इथे आली. बाग पाहून मी जरा चक्रावले. आपल्या खाण्याच्या द्राक्षाचा मांडव किंवा वाय पद्धतीची बाग म्हणजे आपण वेलीखाली उभं राहायचं, घड डोक्याशी लोंबतात. इथे तारांवर कंबरेएवढ्या ओळी, घड गुडघ्यापाशी, तोडणारी माणसं वाकून काम करत होती. मणी बारीक, बी असलेले, सालीला जाड. काही ओळींवर गारपिटीसाठी जाळ्या होत्या. उन्हाळ्याच्या शेवटी तिथे वळवासारखा पाऊस येतो आणि कधी गाराही पडतात. भाऊ माझ्याबरोबर असता तर त्या जाळीपाशीच थांबला असता. गेल्या काही वर्षांत आमच्या पट्ट्यात अवकाळी आणि गारपिटीने काय केलं आहे, आणि प्लॅस्टिकच्या आच्छादनाचा खर्च एकरी किती लाखांत जातो, हे आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

बागेत पाहुण्यांसाठी दोन ओळी वेगळ्या राखल्या होत्या. तिथल्या घडाला हात लावा, मणी तोडून चाखा, कुणी ओरडत नाही. बाकीच्या बागेत दोरी. ही साधी व्यवस्था मी मुद्दाम लिहिते आहे, कारण भावाला फोनवर सहलीचं सांगितलं तेव्हा त्याची पहिली हरकत हीच होती. आपल्या निर्यातीच्या मालाचा घड कुणी नुसता बोटांनी चाचपला तरी मण्यावरचा पांढुरका मेणचट थर पुसला जातो, आणि असा माल पॅकहाऊसमध्ये बाजूला काढतात. त्याची हरकत खरी आहे. उत्तर त्या दोन ओळींत आहे.

मग आम्ही जमिनीखाली २५ मीटर उतरलो. वर ऊन होतं, खाली स्वेटर हवासा गारवा, आणि हा गारवा बाराही महिने सारखा राहतो म्हणून तर एवढं खोल खणलं. इथे फेसाळणारी वाईन बनते. पहिल्यांदा आंबवलेली वाईन बाटलीत भरून तिच्यात थोडी साखर आणि यीस्ट घालतात आणि बाटली बंद करतात. दुसऱ्यांदा आंबणं होतं ते त्या बंद बाटलीत, आणि तयार झालेल्या वायूला जायला वाट नसते, म्हणून तो वाईनमध्येच विरघळून राहतो. महिन्यांमागून महिने बाटल्या अंधारात आडव्या पडून असतात. तिथल्या माणसाने एक बाटली उचलून दिव्यासमोर धरली. पोटाशी पिठासारखा फिकट थर होता. ते मेलेलं यीस्ट. त्याने मनगटाला हलका झटका देऊन बाटली जराशी फिरवली, आणि थर धुक्यासारखा उठून पुन्हा सावकाश खाली बसायला लागला. मग बाटल्या तिरप्या करत, थोड्या थोड्या फिरवत तो गाळ बुचापाशी आणतात, बाटलीचं तोंड गोठवतात, बूच काढलं की आतल्या दाबाने बर्फाची गोळी गाळासकट उडते, आणि लगेच कायमचं बूच बसवतात. शाळेतल्या विज्ञानाच्या तासाला दाखवावं असं सगळं. मी न पिणारी बाई तिथे सर्वांत जास्त प्रश्न विचारत होते.

चाखण्याच्या वेळी गाईडने आधीच नोंद करून ठेवली होती : मुलांना आणि मला द्राक्षाचा रस, बाकीच्यांना थोडी थोडी वाईन, सोबत त्याच भागातल्या दुधाचं चीज आणि पाव. चालकाने थेंबही घेतला नाही, आणि गाडीतल्या कुणालाही स्वतः गाडी चालवायची नव्हती. यावर मी पुढे येणारच आहे. आणखी एक कळलं. तिथेही वाईनवर कर जबर आहे, २६.५ टक्के विशेष कर आणि शिवाय १६ टक्के मूल्यवर्धित कर. त्यामुळे दुकानांत परदेशी बाटल्यांशी टक्कर देणं देशी वायनऱ्यांना जड जातं. दारात आलेला पाहुणा दोन बाटल्या घेऊन गेला, तर तो पैसा मधल्या कुणाच्या हाती न जाता थेट बागेला मिळतो. लहान वायनऱ्या त्यावर तगतात. आमची दुसरी भेट अशाच एका लहान कुटुंबाच्या बागेत होती. ती झटकन झाली, तिचं फार लिहीत नाही.

दुपारी आम्ही बेर्नाल गावात होतो, आणि खरं तर मला लिहायचं आहे ते या अर्ध्या दिवसाबद्दल.

गावाच्या डोक्यावर पेन्या दे बेर्नाल नावाचा एकसंध प्रचंड खडक उभा आहे. जगातल्या मोठ्या एकशिळा डोंगरांत त्याची गणना होते. सातमाळा रांगेतला धोडप जसा दुरूनच ओळखू येतो तसा हा खडक कितीतरी किलोमीटर आधीपासून दिसत राहतो. त्या भागातल्या ओतोमी-चिचिमेका लोकांचं ते पवित्र स्थान. मे महिन्याच्या सुरुवातीला क्रूसाच्या उत्सवात लोक क्रूस घेऊन वर चढतात. या लोकांच्या परंपरांना २००९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं. गाव अगदी लहान. मेक्सिको सरकारची २००१ पासून एक योजना आहे, त्यात इतिहास आणि वैशिष्ट्य असलेल्या छोट्या गावांना ‘जादुई गाव’ असा दर्जा देतात, आणि त्यातून दगडी फरसबंदी, दर्शनी भिंतींची रंगरंगोटी, तारा जमिनीखाली घालणं अशी कामं होतात. बेर्नालला तो दर्जा २००५ मध्ये मिळाला. शेजारचं तेकिस्कियापान हे गरम पाण्याच्या कुंडांचं आणि वेताच्या टोपल्यांचं गाव. त्याला २०१२ मध्ये मिळाला. तिथे दर वर्षी चीज आणि वाईनची राष्ट्रीय जत्रा भरते.

जेवण तिकिटात धरलेलं नव्हतं. सुरुवातीला मला हे खटकलं, मग गाईडने कारण सांगितलं. जेवण तिकिटात घातलं की पाहुणे एकाच हॉटेलात जातात, पैसा एकालाच मिळतो. म्हणून चौकात सोडायचं, दोन तास द्यायचे, ज्याला जिथे आवडेल तिथे खाऊ दे. आम्ही एका बाईंच्या तव्यापाशी बसलो. भरड्या मक्याच्या पिठाची जाड भाकरी, पोट फाडून आत चीज आणि मिरची, किंवा निवडुंगाच्या कोवळ्या पानांची भाजी. तव्याभोवती गरम भाकऱ्यांची चळत, बाई हातानेच उलटत होत्या. लेकीने त्यांना सांगितलं की आई मांस खात नाही, तर त्यांनी मांसाला न शिवलेलं दुसरं उलथणं काढलं. मला इतका आनंद झाला की मी त्यांचे हात धरले.

मग विणकराचं घर. बेर्नाल लोकरीच्या विणकामासाठी ओळखलं जातं : घोंगड्या, सतरंज्या, शाली. पायाने दाबायचे पट्टे असलेल्या लाकडी मागावर एक वयस्कर गृहस्थ काम करत होते. गाईडने त्यांना उठवून विक्रीकडे वळवलं नाही. आधी त्यांनी पाच-दहा ओळी विणून दाखवल्या, लोकर कुठून येते, कोणता रंग कशाचा, एका घोंगडीला किती वेळ जातो ते सांगितलं, आणि हाताची वीण आणि गिरणीचा माल शेजारी ठेवून फरक दाखवला. घ्यायचं त्याने घेतलं. गाडीतल्या जवळपास प्रत्येकाने काहीतरी घेतलं.

हे सगळं पाहताना मला येवला आठवत होतं.

आता आपल्याकडे बघू. नाशिकची द्राक्षं जगात जातात. ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकन आहे. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूरला वाईन पार्क केलं. गंगापूर धरणाच्या बाजूला, दिंडोरी, इगतपुरी भागात नावाजलेल्या वायनऱ्या आहेत, त्यांच्या आवारात फेरी आणि चाखणं होतं, आणि ते त्या चांगलंच करतात. पण पाहुणा येतो कसा? मुंबई-पुण्याहून चारचाकीने. एकाच आवारात दिवस काढतो, फोटो काढतो, खातो-पितो, आणि त्याच गाडीने, बऱ्याचदा त्याच हातांनी गाडी चालवत परत जातो. शनिवार-रविवारी संध्याकाळी गंगापूर रोडला राहणाऱ्यांना हे काय असतं ते माहीत आहे. आसपासच्या गावाला त्यातून धूळ आणि हॉर्न. ज्याच्याकडे गाडी नाही, ज्या आजी-आजोबांना, शिक्षकांना, शाळेच्या मुलांना बाग बघायची आहे, त्यांना जायला सोय नाही. नाशिक दर्शनाच्या गाड्या काळाराम, सीतागुंफा, पांडवलेणी, त्र्यंबक करून आणतात. त्या हव्यातच. पण ज्या वेलीवर हा जिल्हा गेली कित्येक दशकं उभा आहे, ती वेल त्या दर्शनात कुठेच नाही.

म्हणून माझी सूचना अशी. जानेवारी ते मार्च, फक्त हंगामात, आठवड्यातून एक-दोनदा एक मध्यम आकाराची बस. मुंबईहून शिर्डीला जाणारी वंदे भारत सकाळी नाशिक रोडला येते, तिच्यानंतर स्टेशनवरून निघावी आणि नाशिककरांना द्वारका चौकात घ्यावी. चांदोरी, निफाड या रस्त्याने जाताना गाईडने गोदाकाठची काळी माती, कालवे, द्राक्षांच्या बागा कशा वाढल्या ते सांगावं. निफाडजवळ एखाद्या शेतकऱ्याच्या बागेत तासभर : छाटणी म्हणजे काय, ओलांडा कुठला, काडी कुठली, ठिबक कसं चालतं, घडातले मणी विरळ का करतात, डावणी आणि भुरी या रोगांनी एका रात्रीत काय होतं, निर्यातीच्या मालाची तपासणी कशी होते. आणि हे सांगायला बागायतदाराबरोबर बागेत काम करणाऱ्या बायकाही असाव्यात. पेठ, सुरगाणा भागातून येऊन ज्या विरळणी आणि डिपिंग (घड संजीवकाच्या पाण्यात बुडवणं) करतात, त्यांच्या बोटांना घडाची जितकी ओळख आहे तितकी कुणाला नाही. त्यांना त्या तासाचे वेगळे पैसे मिळावेत. पुढे विंचूरला वायनरी, चाखण्याची सोय हव्या त्यांना, बाकीच्यांना रस आणि बेदाणे. आणि मग येवला.

येवल्यात काय नाही? पैठणीचे हातमाग आजही घराघरांत चालतात. तात्या टोपे यांचं हे जन्मगाव. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली ती याच गावात, आणि मुक्तिभूमीवर आज लोक येतात ते त्यासाठी. संक्रांतीला येवल्याचं आभाळ पतंगांनी भरलेलं असतं, आणि तोच द्राक्षाचा हंगाम. बेर्नालच्या विणकराकडे मी जे पाहिलं ते येवल्यात किती सहज होईल. मागावर बसलेला कारागीर पदरावरचा मोर विणताना प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी फिरवतो, उभ्या धाग्यांत रंगाला रंग अडकवत जातो. म्हणून हाताच्या पैठणीचा पदर उलटा केला तरी नक्षी तशीच स्वच्छ दिसते. यंत्रमागावरच्या साडीला मागच्या बाजूला सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. एवढं एक जरी पाहुण्याला पदर हातात देऊन दाखवलं, तरी तो यापुढे कुठल्याही दुकानात फसणार नाही, आणि महिनोन् महिने मागावर बसणाऱ्या माणसाला त्याच्या कामाचा भाव का द्यायचा ते त्याला कळेल. दुपारचं जेवण तिकिटात धरू नका. गावात सोडा, बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा, मिसळ, ज्याला जे हवं ते तो शोधेल.

नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), याच वाटेजवळ आहे. लासलगावचा कांदा बाजारही. दोन्ही या सहलीत कोंबायचा मोह होईल. तो आवरावा. मेक्सिकोतल्या त्या सहलीत दोन बागा आणि एक गाव एवढंच होतं, म्हणून ती लक्षात राहिली. पक्षी पहाटे बघायचे असतात, त्यांची सहल वेगळी करा.

माझ्या परिचयातले काहीजण म्हणतील, बाई, निवृत्त शिक्षिका होऊन तुम्ही दारूच्या सहली काढायला सांगता? जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन विकण्याचा निर्णय झाला तेव्हा राज्यभर जो विरोध झाला तो मी विसरलेले नाही, आणि त्यातल्या अनेक बायकांच्या घरी काय भोगावं लागतं हेही मला शाळेतल्या मुलांच्या तोंडून ऐकून माहीत आहे. म्हणूनच सहल देवस्थानांच्या वाटेवर नको, त्र्यंबक आणि वणीला तिच्याशी जोडू नका. म्हणूनच बस हवी, जिच्यात चालक पीत नाही आणि पिणाऱ्याच्या हाती चावी नाही. वायनऱ्या तर चालू आहेतच, लोक जातच आहेत. प्रश्न एवढाच आहे की ते कसे जातात, काय शिकून येतात आणि वाटेवरच्या गावाच्या पदरात काय पडतं.

दोन गोष्टी मात्र आधी कराव्या लागतील. एक, स्वच्छतागृहं. त्या सहलीत प्रत्येक थांब्यावर बायकांसाठी स्वच्छ, पाणी असलेलं स्वच्छतागृह होतं. आपल्या महामार्गावरच्या थांब्यांवर मी आणि माझ्या वयाच्या बायका प्रवासाआधी पाणी पिणं बंद करतो. ही लाजिरवाणी गोष्ट आहे, आणि ती बदलल्याशिवाय कुठल्याही पर्यटनाच्या गोष्टी करू नयेत. दुसरी, गाईड. येवला, निफाड, लासलगावच्या महाविद्यालयांतून इतिहास, भूगोल, कृषी शिकलेली किती मुलंमुली घरी बसून आहेत. त्यांना दोन महिने नीट शिकवा, परीक्षा घ्या, ओळखपत्र द्या, दिवसाचे ठरलेले पैसे द्या. पाठ केलेली वाक्यं म्हणणारा गाईड नको. बागायतदाराने उत्तर दिल्यावर पाहुण्याला ते उलगडून सांगणारा हवा, आणि पाण्याची, औषधांच्या फवारणीची, कर्जाची अवघड बाजूही न लपवता सांगणारा हवा. केरेतारोच्या त्या मुलीने ते केलं, म्हणून तिच्या बाकीच्या बोलण्यावर माझा विश्वास बसला.

महामंडळ आणि एसटी यांनी मिळून येत्या हंगामात निदान रविवारची एक फेरी करून पाहावी. बागायतदार संघाने निफाड पट्ट्यातली दोन-तीन नावं सुचवावीत. माझ्या भावाशी माझं बोलणं झालं आहे. रस्त्यालगतच्या प्लॉटमधल्या कडेच्या दोन ओळी पाहुण्यांसाठी सोडायला तो तयार आहे, अट एवढीच की फवारणीनंतरचे ठरलेले दिवस पाळले जावेत आणि कुणी दोरी ओलांडू नये. ऑक्टोबर छाटणीच्या आधी त्याला कळवावं लागेल, कारण त्या ओळींची फवारणी तो वेगळी धरणार आहे. माझा आणि त्याचा पत्ता आपल्या कार्यालयात देऊन ठेवला आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
इंदिरानगर, नाशिक